खाल्लेलं तेल जातं कुठे? कोंबडी, म्हैस आणि सॅल्मन माशाची गोष्ट

शुद्ध तूप तपासणीत भेसळीचं ठरू शकतं का? हो, ठरू शकतं. आणि त्यात ना तूप करणाऱ्याचा दोष असतो, ना तपासणाऱ्याचा. दोष असलाच तर म्हशीच्या गव्हाणीतल्या सरकी पेंडीचा.

तूप तपासायची एक जुनी कसोटी आहे, तिला रायखर्ट-माइसल आकडा म्हणतात. दुधाच्या फॅटमध्ये ब्युटिरिक ॲसिडसारखी अगदी छोटी, वाफेबरोबर उडून जाणारी फॅटी ॲसिड असतात. वनस्पती तुपात किंवा पामतेलात ती जवळजवळ नसतातच. म्हणून हा आकडा खाली आला की भेसळीचा संशय घ्यायचा, असा साधा हिशोब. पण ज्या भागात जनावरांना भरपूर सरकी खायला घालतात, तिथल्या अस्सल तुपाचाही आकडा खाली येतो. त्यामुळे अन्न भेसळ प्रतिबंध कायद्याच्या जुन्या नियमांत तुपासाठी चक्क ‘कापूस पट्टा’ अशी वेगळी नोंद होती, महाराष्ट्रातल्या कापूस पट्ट्यासाठीसुद्धा. त्या भागातल्या तुपाला वेगळ्या मर्यादा लावल्या होत्या. म्हणजे जनावर कोणतं तेल खातं त्यावर त्याचं फॅट बदलतं, ही गोष्ट कायद्यालाही मान्य करावी लागली.

माझा अभ्यासाचा विषय हाच आहे: खाद्यातलं तेल बदललं की जनावरात आणि माशात काय बदलतं. ‘जसं खाल तसं व्हाल’ हे उत्तर सोपं वाटतं, पण ते अर्धवट आहे. कोंबडीत ते बरंचसं खरं आहे. म्हशीत बरंचसं खोटं आहे. आणि माशात ते इतकं खरं आहे की त्यातून एक मोठा जागतिक पेच तयार झालाय. तिघांची गोष्ट एकेक करून बघू.

आधी थोडी तोंडओळख

फॅट म्हणजे बहुतेक वेळा ग्लिसरॉलच्या एका छोट्या कण्याला लटकलेल्या तीन फॅटी ॲसिडच्या साखळ्या. साखळीत कार्बनचे अणू असतात. सगळे बंध एकेरी असतील तर ते संपृक्त फॅटी ॲसिड. मध्ये कुठे दुहेरी बंध असेल तर असंपृक्त. दुहेरी बंधाशी साखळी वाकते, आणि वाकड्या साखळ्या एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. सरळ लाकडांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची येत नाही. तसंच हे.

याचा परिणाम किती मोठा, ते अठरा कार्बनच्या चार फॅटी ॲसिडवरून दिसतं. स्टिअरिक ॲसिडमध्ये एकही दुहेरी बंध नाही, ते सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळतं. ओलिइक ॲसिडमध्ये एक, ते १३-१४ अंशांना. करडई आणि सरकीच्या तेलात भरपूर असणाऱ्या लिनोलिइकमध्ये दोन, ते शून्याखाली ५ अंशांना. आणि जवसातल्या अल्फा-लिनोलेनिकमध्ये तीन, ते शून्याखाली ११ अंशांना. लांबी तीच, फक्त दुहेरी बंध वाढले. म्हणून चरबी घट्ट आणि जवसाचं तेल पातळ.

यातलं शेवटचं अल्फा-लिनोलेनिक म्हणजे ओमेगा-३ कुटुंबातलं सगळ्यात लहान भावंडं. त्याची मोठी भावंडं म्हणजे इपीए आणि डीएचए. इपीएमध्ये वीस कार्बन आणि पाच दुहेरी बंध, डीएचएमध्ये बावीस कार्बन आणि सहा. आपल्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात डीएचए ठासून भरलेलं असतं. जवसात फक्त लहान भावंडं मिळतं. मोठी दोन्ही मुख्यतः समुद्रातून येतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

एक पोट असलेले: डुक्कर आणि कोंबडी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मांस व्यापाऱ्यांची एक तक्रार होती. दक्षिणेकडच्या काही डुकरांची चरबी थंड केली तरी घट्ट होत नाही, मऊ, तेलकट राहते. अशा मांसाला भाव कमी मिळायचा. ही डुकरं शेंगदाण्याच्या आणि सोयाबीनच्या शेतात चरायला सोडलेली असायची. एलिस आणि इस्बेल या अमेरिकी कृषी खात्यातल्या संशोधकांनी १९२६ साली दाखवून दिलं की खाद्यातल्या तेलाचा स्वभाव थेट डुकराच्या चरबीत उतरतो. तेलबिया घातल्या की मऊ चरबी. तेल कमी आणि मक्यासारखं धान्य जास्त असलं की डुक्कर पिठापासून स्वतःची चरबी बनवतं, आणि ती घट्ट असते.

याच नियमाचा उलटा फायदा स्पेनमध्ये घेतात. तिथली इबेरियन डुकरं शेवटचे काही महिने ओकच्या झाडाखालची फळं खातात. त्या फळांत ओलिइक ॲसिड भरपूर, म्हणून मांसातही भरपूर, आणि त्या हॅमची ती मऊ, तोंडात विरघळणारी चरबी महागात विकली जाते. एकाची तक्रार ती दुसऱ्याची खासियत.

कोंबडीचंही तसंच. तिच्या खाद्यात जवस घातलं की पिवळ्या बलकातलं अल्फा-लिनोलेनिक कित्येक पटींनी वाढतं. शिवाय कोंबडीचं यकृत त्यातलं थोडं डीएचएमध्ये बदलतं आणि बलकात पाठवतं. पण इथे एक मर्यादा आहे. जवस वाढवत नेलं की बलकातलं लहान भावंडं वाढतच राहतं, डीएचए मात्र थोडं वाढून थांबतं. लांब साखळी तयार करणारी यंत्रणा तेवढीच आहे, कच्चा माल कितीही ओता. बलकात डीएचए आणखी हवं असेल तर ते खाद्यातूनच, माशाच्या किंवा शेवाळाच्या तेलातून द्यावं लागतं. माशाचं तेल दोन-तीन टक्क्यांच्या वर गेलं की अंड्याला वास येऊ लागतो. जवसालाही स्वतःची दुखणी आहेत: त्यात ‘बी-६’ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणणारा एक पदार्थ असतो, आणि त्याच्या चिकट बुळबुळीतपणामुळे कोंबड्यांची विष्ठा चिकट होते.

म्हणून ‘ओमेगा-३ अंडी’ असं लिहिलेला डबा हातात घेतलात तर पुढचा प्रश्न विचारा: कोणतं ओमेगा-३? डबा जवसावर पोसलेल्या कोंबडीचा असेल तर आकड्याचा मोठा भाग अल्फा-लिनोलेनिकचा असतो, आणि आपलं शरीर त्यातलं फार थोडं डीएचएमध्ये बदलू शकतं. अंडं वाईट नाही. फक्त डब्यावरचा एक आकडा दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज असू शकतो.

आता सरकी. सरकीच्या तेलात सायक्लोप्रोपिन प्रकारची फॅटी ॲसिड अगदी थोड्या प्रमाणात असतात. थोडी असली तरी ती एक महत्त्वाचं एन्झाइम बंद पाडतात: स्टिअरिकमध्ये दुहेरी बंध घालून त्याचं ओलिइक करणारं एन्झाइम. कोंबडीने तेलकट सरकी पेंड खाल्ली की बलकात घट्ट स्टिअरिक वाढतं आणि बलकाभोवतीचा पडदा गळका होतो. अंडी शीतगृहात ठेवली की बलकातलं लोह पांढऱ्या भागात झिरपतं, तिथल्या एका प्रथिनाला चिकटतं, आणि पांढरा भाग गुलाबी होतो. अंडं फोडलं की आत गुलाबी रंग. घेणारा परत येईल का? म्हणून अंड्यांच्या कोंबड्यांना सरकी पेंड घालताना जाणकार फार जपून असतात.

चार कप्प्यांची म्हैस

गाय-म्हशीत गोष्ट पूर्ण पालटते, कारण तेल तिच्या आतड्यात पोचण्याआधी कोटीपोटातल्या अब्जावधी जीवाणूंच्या हाती पडतं.

रेमंड रायझर यांनी १९५१ साली मेंढीच्या कोटीपोटातला द्रव घेऊन त्यात जवसाचं तेल मिसळलं. थोड्या वेळाने तपासलं तर अल्फा-लिनोलेनिक कमी झालेलं. जीवाणूंनी दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवून ते मिटवायला सुरुवात केली होती. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल वापरून जे करतात, तेच म्हशीच्या पोटात रोज फुकट चालतं. जीवाणूंना असंपृक्त फॅटी ॲसिड विषारी ठरतात, म्हणून ते ती निकामी करून टाकतात. खाद्यातल्या लिनोलिइकचा बहुतांश भाग आणि अल्फा-लिनोलेनिकचा त्याहूनही मोठा भाग असा वाटेतच संपतो.

म्हणून कोंबडीला जवस घातलं की अंडं बदलतं, पण म्हशीला घातलं तर दुधात ओमेगा-३ जेमतेम वाढतं. ‘ओमेगा-३ दूध’ अशी जाहिरात दिसली तर ते तेल दुधात म्हशीने आणलं की डेअरीत वरून मिसळलं, हे विचारायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियात १९७० च्या सुमारास स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोडगा काढला होता. तेलाचे थेंब प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळायचे आणि फॉर्मल्डिहाइड लावून ते वेष्टन कोटीपोटात न फुटणारं करायचं. पुढच्या आम्लयुक्त कप्प्यात ते सुटतं. दुधात लिनोलिइक भरपूर आलं, लोणी मऊ झालं. पण असं दूध हवेशी लवकर बिघडायला लागलं. दुहेरी बंध जितके जास्त, तितका ऑक्सिजनचा हल्ला सोपा. फायदा आणि तोटा दोन्ही एकाच बंधातून आले.

मग कापूस पट्ट्यातल्या तुपाचं काय होतं?

इथे कासेत काय चालतं ते समजून घ्यावं लागेल. दुधाच्या फॅटचा सुमारे निम्मा भाग कास स्वतः बनवते. कडबा, हिरवा चारा कोटीपोटात आंबला की ॲसिटेट तयार होतं, आणि त्यापासून कास चार ते सोळा कार्बनची फॅटी ॲसिड विणते. तुपाचा वास आणि तो रायखर्ट-माइसल आकडा यातल्या सगळ्यात छोट्यांमुळे. बाकीचा निम्मा भाग, म्हणजे अठरा कार्बनचा जवळजवळ सगळा माल, रक्तातून येतो: खाद्यातून किंवा अंगावरच्या चरबीतून.

सरकी किंवा तेलकट सरकी पेंड भरपूर घातली की रक्तातून लांब साखळ्यांचा पुरवठा वाढतो. लांब साखळ्या वाढल्या की कास स्वतःचं विणकाम कमी करते. छोट्या फॅटी ॲसिडचा वाटा घसरतो आणि आकडा खाली येतो. शिवाय सायक्लोप्रोपिन फॅटी ॲसिडचा थोडा अंश कोटीपोटातून निसटतो आणि स्टिअरिकचं ओलिइक करणारं कासेतलं एन्झाइम मंदावतो. म्हणून सरकीवरच्या जनावराचं तूप जास्त घट्ट, जास्त कणीदार. सरकीचं तेल ओळखायची हाल्फेन नावाची एक रंगाची चाचणी आहे, ती अशा अस्सल तुपालाही लाल रंग दाखवू शकते. एकही थेंब न मिसळता.

विदर्भात किंवा मराठवाड्यात कुणी ‘आमच्याकडचं तूप वेगळं लागतं’ म्हणालं, तर त्यात निव्वळ अभिमान नसून थोडं रसायनशास्त्रही असू शकतं.

तेल घातलं आणि फॅट पडली

आता सगळ्यात जास्त पैशांचा मुद्दा. आपल्याकडे दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. फॅट पॉइंटने खाली आली की बिलात लगेच दिसतं. मग स्वाभाविक विचार असा की फॅट वाढवायची तर फॅटच खायला घालावी. काहीजण खाद्यावर सरळ तेल ओततात. आणि पुष्कळदा उलटंच होतं, फॅट आणखी पडते.

याचं कारण बरीच वर्षं वादात होतं. एक मत असं की कोटीपोटात ॲसिटेट कमी तयार होतं म्हणून कासेला माल कमी पडतो. ते पूर्ण पटणारं नव्हतं. मग अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात बॉमगार्ड, बाउमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक नेटका प्रयोग केला. जीवाणू लिनोलिइकवर हायड्रोजन चढवतात तेव्हा मधल्या टप्प्यांवर वेगवेगळी रूपं तयार होतात. त्यातली दोन शुद्ध रूपं त्यांनी गायींच्या चौथ्या कप्प्यात थेट सोडली, दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास. एका रूपाने काहीच झालं नाही. दुसऱ्याने, ज्याचे दुहेरी बंध दहाव्या आणि बाराव्या कार्बनशी असतात त्याने, चार दिवसांत दुधाची फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त पाडली.

दिवसाला काही किलो खाद्य खाणाऱ्या गायीत दहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण हे रूप कासेतल्या फॅट बनवणाऱ्या जनुकांनाच मंद करतं. त्यामुळे माल आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही, कासच काम थांबवते.

हे रूप कधी तयार होतं? दोन गोष्टी एकत्र आल्या की. खाद्यात असंपृक्त तेल जास्त, आणि कोटीपोट आंबट. भरडलेला मका, गोळी पेंड भरपूर आणि वैरण कमी असली, की रवंथ कमी होतो, लाळ कमी येते, कोटीपोट आंबट होतं आणि जीवाणूंचा नेहमीचा रस्ता बदलतो. माशाचं तेल तर थोडंसंही हा रस्ता बदलायला पुरतं.

म्हणून फॅट पडली तर आधी तेल आणि पेंड वाढवायच्या ऐवजी हे बघा: वैरण पुरेशी आहे का, ती फार बारीक कुट्टी तर नाही, जनावरं बसल्यावर रवंथ करतात का, आणि एकूण कोरड्या खाद्यात तेलाचा वाटा सहा-सात टक्क्यांच्या वर गेलाय का. कारण काढलं तरी फॅट दुसऱ्या दिवशी परत येत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. या मधल्या काळातच लोकांचा धीर सुटतो आणि ते पुन्हा काहीतरी नवीन घालतात.

बाजारात मिळणारी बायपास फॅट याच अडचणीवरचा उपाय आहे. पामतेलाची फॅटी ॲसिड कॅल्शियमला बांधून साबण तयार करतात. हो, साबणच. कोटीपोटात तो विरघळत नाही, म्हणून जीवाणूंना त्रास नाही. चौथ्या आम्लयुक्त कप्प्यात तो सुटतो. ओहायोमध्ये पामक्विस्ट आणि जेंकिन्स यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. व्यायल्यानंतर जनावराला दूध जास्त आणि खाणं कमी असतं, तेव्हा ऊर्जा द्यायला ही पद्धत कामाची आहे. पण कोटीपोट आंबट असेल तर हा साबणही तिथेच फुटतो, म्हणजे पुन्हा वैरणीपाशीच यावं लागतं.

आणि इथेही जे घालाल त्याची खूण राहतेच. पामतेलात सोळा कार्बनचं पामिटिक ॲसिड भरपूर असतं, ते दुधात उतरतं. २०२१ च्या सुरुवातीला कॅनडात लोकांनी तक्रार केली की लोणी खोलीच्या तापमानालाही घट्टच राहतंय. संशय पामच्या खाद्यावर गेला. सगळा दोष पामचाच का, यावर तज्ज्ञांत दुमत होतं. तरी तिथल्या दूध उत्पादकांच्या संघटनेने सदस्यांना पाम सोडून दुसरे पर्याय बघायला सांगितलं.

माशाचं तेल कुणाचं?

आता पाण्यात उतरू. सॅल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात खरं, पण दोघांचं नातं नाही. अटलांटिक सॅल्मन हा थंड पाण्याचा मासा, नॉर्वे, स्कॉटलंड, चिलीत समुद्रातल्या पिंजऱ्यांत पाळला जातो. थंडीत पेशींचे पडदे लवचीक राहायला फार वाकड्या साखळ्या लागतात, म्हणजेच इपीए आणि डीएचए. पण सॅल्मन ती गरजेइतकी स्वतः बनवत नाही. समुद्रात ती सूक्ष्म शेवाळं बनवतात, त्यांना तरंगते छोटे जीव खातात, त्यांना छोटे मासे आणि छोट्यांना मोठे. मासा ओमेगा-३ चा कारखाना नाही, गोदाम आहे.

कोटीपोट नसल्यामुळे या गोदामात खाद्यातलं तेल जवळजवळ जसंच्या तसं भरलं जातं. सुरुवातीला अडचण नव्हती: सॅल्मनला माशाचंच तेल घालायचे. १९९० साली नॉर्वेतल्या सॅल्मनच्या खाद्यात सुमारे ९० टक्के घटक समुद्रातले होते. पण पाळीव मासे वाढत गेले आणि माशाचं तेल वाढलं नाही. जगात ते वर्षाला साधारण दहा लाख टनांच्या आसपासच तयार होतं, आणि त्याचा मोठा वाटा पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीवर अवलंबून आहे. समुद्र तापला, एल निनो आला की ते मासे गायब. २०२३ साली पेरूने मुख्य भागातला अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्दच केला आणि तेलाचे भाव कडाडले.

म्हणून खाद्यात रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या कुळातलं तेल आलं. २०१३ पर्यंत नॉर्वेच्या खाद्यातला समुद्री वाटा ३० टक्क्यांच्या जवळ घसरला. मासे वाढीला कमी पडले नाहीत. गोदामात मात्र फरक पडला. स्टर्लिंग विद्यापीठातल्या स्प्रेग, डिक आणि टोकर यांनी २०१६ साली स्कॉटलंडच्या हजारो सॅल्मनचे आकडे प्रसिद्ध केले: २००६ ते २०१५ या काळात मांसातलं इपीए आणि डीएचए निम्म्यावर आलं होतं. म्हणजे तेवढंच ओमेगा-३ हवं तर दुप्पट मासा खायला लागणार. तरीही त्यांचा दुसरा निष्कर्ष विसरू नका: इतकं घटूनही सॅल्मनमध्ये बहुतेक माशांपेक्षा आणि कोणत्याही मटण-चिकनपेक्षा ते जास्तच होतं.

हे नुकसानच, असंही म्हणता येत नाही. समुद्रातले डायॉक्सिन आणि पीसीबीसारखे प्रदूषक माशाच्या तेलात साठतात. वनस्पती तेल आलं तसे पाळलेल्या सॅल्मनमधले ते कमी झाले. एका हाताने गेलं, दुसऱ्या हाताने आलं.

माशाच्या स्वतःच्या तब्येतीचाही प्रश्न आहे. खाद्यात इपीए-डीएचए एक टक्क्याच्या आसपास असलं की पुरे, असं टाकीतल्या प्रयोगांवरून मानलं जायचं. पण नॉर्वेत खऱ्या समुद्रातल्या पिंजऱ्यांत, लाटा, उवा, हाताळणी यांच्या ताणाखाली घेतलेल्या चाचण्यांत जास्त प्रमाण मिळालेले मासे अधिक टिकाऊ निघाले. टाकीतला मासा आणि समुद्रातला मासा यांची गरज एकच धरता येत नाही.

उपाय तीन प्रकारचे आहेत. एक, आयुष्यभर वनस्पती तेल द्यायचं आणि काढणीआधीचे काही महिने माशाचं तेल. नव्या तेलाने जुनं पातळ होत जातं आणि शरीर डीएचए जपून ठेवतं, त्यामुळे थोड्या तेलात बरंच काम होतं. दोन, मधले मासे वगळून सरळ शेवाळापासून तेल काढायचं. तीन, शेवाळाची जनुकं वनस्पतीत घालायची: इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड संस्थेने कॅमेलिना या तेलबियेत ते करून दाखवलंय आणि ते तेल सॅल्मनला घालून तपासलंही गेलंय.

आपल्या किनाऱ्यावर आणि धरणांत

रोहू, कटला, तिलापिया हे गोड्या पाण्यातले मासे थोडे वेगळे. छोट्या ओमेगा-३ पासून मोठं बनवायची क्षमता त्यांच्यात समुद्री माशांपेक्षा बरी असते, म्हणून माशाच्या तेलाशिवायही ते चांगले वाढतात. पण कमी चरबीच्या, धान्य-पेंडीवर वाढलेल्या पंगासच्या तुकड्यातून ओमेगा-३ मिळेल अशी आशा धरू नका. तो प्रथिनासाठी चांगला आहे, तेवढ्यासाठी खा.

डीएचए हवं असेल तर आपल्याकडे तारली आणि बांगडा आहेत. तारलीला इंग्रजीत तेलाचंच नाव मिळालंय, इतकी ती तेलकट. आणि पश्चिम किनाऱ्यावर हाच मासा मोठ्या प्रमाणात फिशमील आणि तेलाच्या कारखान्यांतही जातो. तो कायम मिळेलच असंही नाही: केरळात २०१२ साली जवळपास चार लाख टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत. कोळंबीच्या तळ्याला लागणारं तेल आणि कोळिणीच्या टोपलीतला स्वस्त मासा एकाच समुद्रातून येतात. त्यामुळे खाद्यातलं माशाचं तेल वाचवणारं संशोधन सॅल्मन खाणाऱ्यांपुरतं नाही.

तेल कुठून आलं, हा प्रश्न

एक गोष्ट तिघांनाही लागू आहे: तेल कोणतं याइतकंच ते कोणत्या अवस्थेतलं, हे महत्त्वाचं. खवट तेल आणि ‘ई’ जीवनसत्त्वाची कमतरता एकत्र आली की पिल्लांच्या मेंदूला इजा होते, ती लडखडतात, उलटी पडतात. आणि १९९९ साली बेल्जियममध्ये पुनर्वापराच्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं तेल मिसळलं गेलं, ते कोंबड्यांच्या खाद्यात पोचलं, डायॉक्सिन अंड्या-मांसात उतरलं. दोन मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. कढईतलं वापरलेलं, स्वस्त मिळणारं तेल खाद्यात घालण्याआधी हे आठवलेलं बरं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं की अमुक तेल जनावराला चांगलं, तर तीन प्रश्न विचारा. कोणत्या जनावराला? ते त्याच्या पोटातून तसंच पार होतं का, की वाटेत बदलतं? आणि आपण मोजतोय काय: वाढ, फॅटचा आकडा, की आपल्या ताटात पोचणारं डीएचए? या तिन्हींची उत्तरं एकाच तेलासाठी तीन वेगळी येऊ शकतात. सरकीने कोंबडीचं अंडं गुलाबी केलं आणि म्हशीचं तूप कणीदार केलं, तेल मात्र तेच होतं.